मिठागराच्या कडेला गाडी लावा आणि बसा

गेल्या अंकात ग्रीसच्या लेस्वोस बेटावरच्या वसंतातल्या पक्ष्यांवर लिहिलं होतं. तुर्कस्तानच्या किनाऱ्याला खेटून असलेलं बेट, मधोमध आत घुसलेलं कालोनीचं आखात, आखाताच्या वरच्या टोकाशी मिठागरं, पूर्वेला ऑलिव्ह आणि पाइन, पश्चिमेला उघडेबोडके डोंगर, असा त्याचा नकाशा. त्यावर आलेल्या पत्रांतली काही इथं घेतली आहेत. ज्यांनी फक्त ‘पॅकेज कितीला पडेल’ एवढंच विचारलं, त्यांनी ते ट्रॅव्हल कंपनीला विचारावं.

ताई, काळ्या डोक्याचे भारीट आमच्या शिवारात दर हिवाळ्याला ज्वारीवर उतरतात. हाकलून हाकलून हात दुखतात. तेच बघायला तुम्ही ग्रीसला जायला सांगता, हे काही पटलं नाही.
— एक शेतकरी, मंगळवेढा

दादा, तुमचा सवाल रास्त आहे. ज्याच्या शेतात हा पक्षी हजारोंनी येतो, त्याला त्याचं कौतुक कोणी सांगावं?

तरी एक गोष्ट बघा. युरोपातून लांबच्या प्रवासाला निघणारे बहुतेक छोटे पक्षी हिवाळ्यात आफ्रिकेत जातात. हा गडी तिकडे जातच नाही. बाल्कन, ग्रीस, तुर्कस्तान, इराण इथं घरटं करायचं आणि थंडीला आग्नेयेकडे वळून पश्चिम आणि मध्य भारत गाठायचा, हा त्याचा रिवाज. म्हणजे तुमच्या बांधावरच्या बाभळीत जो थवा भुर्रकन जाऊन बसतो, त्यातला एखादा खरंच एजियन समुद्राकाठचा असू शकतो. पण तुमच्याकडे तो असतो तेव्हा नराच्या डोक्यावरच्या काळ्या पिसांना फिकट, मातकट कडा असतात, त्यामुळे डोकं धुरकट दिसतं. वसंतापर्यंत त्या कडा झिजून जातात. लेस्वोसवर एप्रिलच्या अखेरीला नर आधी पोचतात. प्रत्येक जण आपापलं झुडूप नाही तर तारेचा खांब धरतो आणि शेंड्यावर बसून गातो. डोकं कोळशासारखं काळं, पोट पिवळंधमक, पाठ तांबूस. गाणं छोटं: सुरुवातीला दोन-तीन अडखळते सूर, मग एकदम घसरत गेलेली लड. मंगळवेढ्यात तो थव्यातला एक असतो, तिथं तो जमीनमालक असतो. मला बघायचा होता तो हा फरक.

भोरड्यांचंही थोडंफार तसंच आहे. एखाद्या वर्षी मेच्या शेवटी त्यांचे थवे लेस्वोसवर तुतीच्या झाडांवर येऊन जातात, एखाद्या वर्षी एकही नाही. तुम्ही जाऊ नका म्हणत असाल तर माझी हरकत नाही. मार्चमध्ये तुमच्याच बांधावर एकदा दुर्बीण लावून नरांची डोकी बघा. धुरकटपणा कमी होत चाललेला दिसेल.

एप्रिल-मे असं तुम्ही लिहिलंत. आम्हाला एकच आठवडा मिळणार. नेमका कुठला धरावा? आणि हवामान चांगलं असतं ना?
— एक शिक्षक दांपत्य, नाशिक

एप्रिलचा शेवटचा आठवडा धरा, जमलं तर मेचे पहिले तीन-चार दिवस त्याला जोडा. त्याआधी गेलात तर रानफुलं भरपूर, क्रेट्झश्मारचा भारीट आणि रुपेलचा वटवट्या आलेले असतात, पण वरचे काळ्या डोक्याचे महाशय वाटेत असतात. लाल पायांचे ससाणे आणि पांढऱ्या पंखांचे सुरय मेच्या सुरुवातीलाच जास्त दिसतात. मेच्या मध्यानंतर प्रवासी पक्षी ओसरतात.

एक अडचण मात्र आत्ताच सांगते. ग्रीक ऑर्थोडॉक्स ईस्टर २०२७ मध्ये २ मे रोजी आहे, म्हणजे ऐन तुमच्या आठवड्यात. सणाच्या दिवसांत बरीच दुकानं बंद, बोटी भरलेल्या, अथेन्सहून आपापल्या गावी येणाऱ्या माणसांनी विमानं भरलेली. शनिवारी मध्यरात्री फटाके. आपल्याकडे गणपतीत कोकणात जाताना जी तयारी लागते, तीच लागेल. त्या वर्षी जायचं तर तिकिटं फार आधी काढा.

हवामानाचं विचारलंत, तर इथं पक्षीवाल्याचा आणि पर्यटकाचा हिशेब उलटा आहे. रात्र स्वच्छ आणि दक्षिणेचा वारा पाठीशी असला, की आफ्रिकेतून निघालेले पक्षी बेटावर थांबतच नाहीत, वरून निघून जातात. सकाळी तुम्हाला निळं आकाश आणि रिकामी झाडं. उत्तरेचा वारा तोंडावर आला किंवा पावसाची सर झोडपून गेली, की दमलेली पाखरं पहिली जमीन दिसेल तिथं उतरतात. लेस्वोसचं पश्चिम टोक, सिग्री गावाचा परिसर आणि त्याच्या मागच्या डोंगरावरचा इप्सिलूचा मठ, ही ती जमीन. मैलोन् मैल खडक आणि मठाभोवती मोजकी झाडं, त्यामुळे सगळी गर्दी त्या झाडांत. पाऊस थांबल्यावर मठाच्या चढावर हळद्या, माशीमार, वटवटे अगदी हाताच्या अंतरावर किडे टिपत असतात. त्यांना माणसाची पर्वा नसते असं वाटतं, पण खरं म्हणजे त्यांच्यात उडायची ताकद उरलेली नसते. तेव्हा त्यांच्या मागे मागे फिरू नका. भिंतीला टेकून उभे राहा, ती खात खात तुमच्यापर्यंत येतात.

म्हणून अंदाजात ढग दिसले की हॉटेलात हळहळत बसू नका, गाडीची किल्ली शोधा. आखाताकाठच्या स्काला कालोनी गावाहून सिग्री तासाभराच्या अंतरावर आहे, आणि वाटेत थांबायचा मोह आवरला नाही तर अर्धा दिवस.

माझ्याकडे ७०-३०० मिलिमीटरची लेन्स आहे. या सहलीसाठी कर्ज काढून ६०० ची घ्यावी का? सेटिंग काय ठेवावं?
— एक होतकरू छायाचित्रकार, कोल्हापूर

कर्ज काढून लेन्स घेऊ नका. तेवढ्या पैशात आठवडा वाढवा.

लेस्वोसची खुबी अशी की तिथली मिठागरं आणि ओढे गाडीतून फिरता येतात आणि गाडी हेच तुमचं लपण. माणूस चालत गेला की शेकाट्या कलकलाट करून सगळ्या मिठागराला खबर देतो. तीच गाडी कडेला लावली, इंजिन बंद केलं आणि पंधरा मिनिटं काही केलं नाही, की तोच शेकाट्या लाल काड्यांसारखे पाय टाकत खिडकीखालून जातो. इंजिन बंद करणं महत्त्वाचं. चालू इंजिनाची थरथर फोटोत उतरते आणि मग दोष लेन्सला दिला जातो.

लेन्स टेकवायला बीनबॅगची रिकामी पिशवी न्या. ती घरून भरून नेऊ नका, सामानाचं वजन फुकट जाईल. कालोनीच्या दुकानात दोन किलो तांदूळ किंवा छोले घ्या, भरा, खिडकीच्या काचेवर टाका. निघताना ते छोले घरमालकिणीला द्या, ती खूश होते.

उजेड सकाळी साडेसहाच्या सुमाराला येतो आणि संध्याकाळी आठपर्यंत टिकतो. यातला दुपारचा मोठा तुकडा फोटोसाठी बाद समजा. दहानंतर मिठागरावरची हवा तापून थरथरायला लागते आणि मग लाखाची लेन्स असो की तुमची ७०-३००, दूरचा पक्षी पाण्याखाली असल्यासारखाच येतो. त्या वेळात पाइनच्या सावलीत जा किंवा झोपा. सकाळी सूर्य पाठीशी येईल अशा बाजूने मिठागराला जा, संध्याकाळी बाजू बदला.

शेकाट्या आणि अ‍ॅव्होसेट काळे-पांढरे. कॅमेरा काळ्याला भुलतो आणि पांढरं जाळून टाकतो. एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप खाली घ्या, पडद्यावर पांढऱ्यात पिसांच्या रेघा दिसतात का बघा, मग पुढे. वेडे राघू उडताना टिपायचे तर शटर एक दोन-हजारांश सेकंदाहून संथ ठेवू नका. आणि मेच्या सुरुवातीला मिठागरात विटकरी रंगाचे, वाकड्या चोचीचे छोटे पक्षी थव्याने दिसले तर परदेशी दुर्मीळ काही सापडलं म्हणून नाचू नका. ते कर्ल्यू सँडपायपर. शिवडीच्या चिखलात हिवाळ्यात करड्या कपड्यांत दिसतात तेच, लग्नाच्या पोशाखात.

मोबाइलवर आवाज वाजवून क्रूपरची शिलिंध्री पटकन समोर येते असं एका मित्राने सांगितलं. खरं का?
— एक वाचक, चिपळूण

येते. म्हणूनच वाजवायचा नाही.

ही शिलिंध्री, म्हणजे पाइनच्या खोडावर उलटी-सुलटी पळणारा, चिमणीहून लहान पक्षी. वर निळसर राखाडी, कपाळाला काळी टोपी, छातीवर विटकरी डाग. जगात मुख्यतः तुर्कस्तानात. ग्रीसमध्ये तिचं घर लेस्वोसवरच. अथेन्समध्ये काम केलेल्या थिओबाल्ड क्रूपर या जर्मन पक्षितज्ज्ञाचं नाव तिला मिळालं. आखाताच्या पूर्वेला आख्लादेरीच्या पाइनच्या जंगलात ती राहते आणि ग्रीसमध्ये तिला बघायचं म्हणजे बहुतेक सगळे याच जंगलात येतात. आता हिशेब करा. वसंतात रोज येणारे सगळे एकेकदा आवाज वाजवू लागले, तर त्या नराला दिवसभर नसलेल्या शत्रूशीच भांडावं लागेल. पिल्लांना किडे कोणी आणायचे?

आणि गरजही नाही. ती कुजलेल्या, मोडक्या पाइनच्या बुंध्यात स्वतः भोक पाडते, बऱ्याचदा माणसाच्या छातीच्या उंचीवर, कधी त्याहून खाली. घरटं इतकं सहज सापडतं हीच काळजीची गोष्ट. तिथं गेल्यावर एक खूण लक्षात ठेवा: पक्षी चोचीत किडा घेऊन आला आणि भोकात न जाता शेजारच्या फांदीवर खालीवर करत राहिला, तर अडथळा तुम्ही आहात. मागे सरका. तरी जात नसेल तर आणखी मागे. तो बिनदिक्कत आत शिरला की समजा, तुमचं अंतर बरोबर आहे. तिथून आलेला फोटो लहान असेल. असू दे.

मला पक्षी, हिला नाहीत. शिवाय ही पक्की शाकाहारी. सुट्टी भांडणात जाईल का?
— एक निवृत्त अधिकारी, पुणे

जेवणावरून जाणार नाही. ग्रीक जेवणात डाळी, भाज्या भरपूर. पिवळ्या डाळीचा घट्ट फावा, टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे वाल, चीज भरून तळलेली भोपळ्याची फुलं, ऑलिव्हच्या तेलात मुरवलेलं लेस्वोसचं लादोतिरी चीज. ‘होरिस क्रेआस’ म्हणजे मांस नको, एवढं पाठ करा. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत मांस, अंडी, दूध वर्ज्य असलेलं जेवण सगळीकडे मिळतं, पण एक खाच आहे: त्यांच्या उपासाला कालवं, माकूळ, ऑक्टोपस चालतात. उपासाचा भात म्हणून मागवाल आणि वरती नळ्या तरंगतील. वहिनींना आधी सांगून ठेवा. तुम्ही स्वतः खात असाल तर कालोनीचं सार्डीन सोडू नका.

राहिला प्रश्न दिवसभराचा. तुम्ही पहाटे साडेसहा ते दहा मिठागरावर, वहिनी झोपलेल्या. दहानंतर दोघं मिळून. उत्तरेला मोलिवोसचा किल्ला आणि त्याखालचं दगडी गाव आहे. सिग्रीला अश्मीभूत जंगल: सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेखाली गाडली गेलेली झाडं दगड होऊन जागच्या जागी उभी आहेत, सालीच्या रेघा दिसतात. आणि त्यांना वाचनाची आवड असेल तर आखाताच्या काठी बसून सांगा, की ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटल या बेटावर राहिला होता आणि याच आखातातले मासे, शंख, माकूळ निरखून त्यानं प्राण्यांविषयी लिहिलं. त्याच्या लिखाणात पिऱ्हाचं पाणी म्हणून येतं ते हेच. त्याचा सोबती थिओफ्रास्टस तर बेटावरच्याच एरेसोसचा, त्यानं वनस्पती घेतल्या. एकानं प्राणी, एकानं झाडं. तुमच्या घरातही अशी वाटणी होऊ शकते.

माझं वय साठ. एकटीनं जायचा विचार आहे. घरचे नको म्हणतात. गाडी चालवता येते, पण डाव्या बाजूनं.
— एक वाचक, ठाणे

जा.

मी एकटीनं फिरते आणि स्काला कालोनीत राहते. खेडं आहे, संध्याकाळी चौकात म्हाताऱ्या बायका खुर्च्या टाकून बसलेल्या असतात, दुसऱ्या दिवशी त्या तुम्हाला ओळखतात. अंधार पडला की युकॅलिप्टसमध्ये छोटं शिंगळं घुबड दर दोन-तीन सेकंदाला एकच सूर लावतं, तेवढाच काय तो रात्रीचा गोंगाट.

शेंगेनचा व्हिसा लागेल. प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी अर्ज करता येतो, विम्याचं कवच किमान ३० हजार युरोचं हवं. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, तो वर्षभर चालतो, आणि आपला मूळ परवाना बरोबर ठेवा. अथेन्सहून मितिलिनीला, म्हणजे बेटाच्या मुख्य शहराला, विमानानं तासाभराच्या आत पोचता. दुसरा रस्ता अथेन्सच्या पिरेअस बंदरातून रात्रीच्या बोटीचा. मी बोट घेते, कारण उजाडताना डेकवर उभं राहिलं की लाटांना पंख टेकवत जाणारे येल्कुआन शिअरवॉटर हे समुद्री पक्षी दिसतात.

उजव्या बाजूनं चालवायची सवय मितिलिनीच्या गर्दीत लावून घेऊ नका. शक्य असेल तर दुपारी उतरा आणि थेट कालोनीकडे निघा. आपोआप गिअरवाल्या गाड्या बेटावर कमी, आधी सांगून ठेवा. विम्याच्या कागदात टायर आणि गाडीचं पोट धरलंय का तेवढं वाचा, बहुतेक वेळा धरलेलं नसतं, आणि पक्षी असतात ते रस्ते नेमके खडीचे. पश्चिमेला वाटेत तारेनं बांधलेली फाटकं लागतील. उघडून जा, पण जशी होती तशी लावा. मागे कुणाच्या तरी मेंढ्या आहेत.

लेस्वोस म्हटलं की निर्वासितांच्या बातम्या आठवतात. तिथं सुट्टी घालवणं बरोबर आहे का? आणि सुरक्षित?
— एक वाचक, नागपूर

२०१५ साली समोरच्या तुर्कस्तानातून रबरी होड्यांनी आलेली लाखो माणसं या बेटावर उतरली. मोरियाची छावणी सप्टेंबर २०२० मध्ये जळाली. त्या काळात गावकऱ्यांनी, कोळ्यांनी माणसं पाण्यातून ओढून काढली, आणि त्याच काळात पर्यटक येईनासे झाले. ज्यांनी मदत केली त्यांच्याच खानावळी रिकाम्या राहिल्या. माझं मत विचाराल तर तिथं जाऊन, गावातल्या खोलीत राहून, गावात जेवणं हे न जाण्यापेक्षा बरं. होडी दिसली म्हणून कॅमेरा मात्र तिकडे वळवायचा नाही. तुमची लेन्स पाखरांसाठी आहे.

सुरक्षिततेचा खरा मुद्दा वेगळाच आहे. बेट सीमेवर आहे, जागोजागी लष्करी ठाणी आहेत. कॅमेऱ्यावर फुली मारलेली पाटी दिसली की लेन्स पिशवीत. दोन हजार एक साली ग्रीसमध्येच कलामाताला विमानं टिपून घेणाऱ्या बारा ब्रिटिश आणि दोन डच छंदिष्टांना हेरगिरीच्या संशयावरून धरलं होतं. पुढे ते सुटले, पण सुट्टी कोर्टात गेली. ‘मी रणगोजा बघत होतो’ हे पहारेकऱ्याला समजावणं अवघड असतं, भाषा आली तरी.

मी सातवीत आहे. उजनीला बाबांबरोबर फ्लेमिंगो बघितले. लेस्वोसचे फ्लेमिंगो तेच का?
— एक विद्यार्थिनी, इंदापूर

जात तीच, मोठा फ्लेमिंगो. पण घरं वेगळी. आपल्याकडचे कच्छच्या रणात घरटी करतात. लेस्वोसच्या समोर, समुद्रापलीकडे तुर्कस्तानात इझमिरजवळ गेदिझ नदीच्या मुखाशी त्यांची मोठी वसाहत आहे. भूमध्य समुद्राभोवतीच्या वसाहतींत पिल्लांच्या पायात प्लॅस्टिकची रिंग घालतात, तिच्यावर अक्षरं असतात. रिंगेचा रंग देशाप्रमाणे बदलतो. अक्षरं पायावर खालून वर वाचायची असतात. वरून खाली वाचलं तर भलताच पक्षी निघतो. रिंग उजव्या पायात की डाव्या, हेही लिहून ठेवायचं. पुढच्या वेळी उजनीला जाशील तेव्हा बाबांच्या दुर्बिणीतून आधी पाय बघ, मग मान. रिंग दिसली तर रंग, अक्षरं, पाय, तारीख आणि गाव एवढं मला लिहून पाठव.